अर्ध्या तासाचा उजेड

आमच्या कॉलेजच्या विज्ञान इमारतीत अगदी टोकाला एक खोली आहे. तिच्या खिडक्यांना आतून काळं रेक्झिन ठोकलेलं आहे आणि बाहेरचा उजेड येऊ नये म्हणून दाराच्या फटीत सायकलची ट्यूब कापून बसवलेली आहे. ही सगळी कामं शंकरप्पाने स्वतःच्या हाताने केली. शंकरप्पा आमचा प्रयोगशाळा परिचर. गेल्या जूनअखेर तो निवृत्त झाला. त्याच्याबद्दल लिहायचं ते एवढ्यासाठी, की त्या खोलीत जे घडलं ते कुठल्याही फाइलीत नाही, आणि फाइली सांभाळण्याचं काम चौतीस वर्षं माझ्याकडेच आहे. मी कार्यालय अधीक्षक. शिक्षण बी.कॉम. लेसर, रेणू यांतलं मला जे काही कळतं ते शंकरप्पाने आणि प्रमोदिनी मॅडमनी सांगितलं तेवढंच.

कॉलेजचं नाव लिहिण्याची गरज नाही. येरमाळ्याहून एसटीने वीस-पंचवीस मिनिटं लागतात, एवढं पुरे.

शंकरप्पा मूळचा सास्तूरकडचा. भूकंपात घर गेलं, थोरला भाऊ गेला. दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढून तो पंचाण्णव साली आमच्याकडे लागला, तेव्हा एकतीस वर्षांचा होता. शिक्षण दहावी. लागल्यावर पहिल्याच वर्षी त्याच्या हातून सिल्व्हर नायट्रेटची बाटली खिडकीत उघड्यावर राहिली. आतलं द्रावण काळं पडलं. तेव्हाच्या रसायनशास्त्राच्या सरांनी त्याला वर्गापुढे उभं करून ती बाटली तास संपेपर्यंत हातात धरायला लावली. मुलं हसत होती. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही पंधरा वर्षांनी. पण त्या दिवसापासून उजेडाला भिणारी कुठलीही वस्तू त्याने उजेडात राहू दिली नाही. तपकिरी बाटल्या, त्यांवर काळा कागद, त्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली कमरेला. तपासणीला येणारे लोक ते कपाट बघून खूश व्हायचे.

प्रमोदिनी मॅडम दोन हजार सोळाच्या जुलैत आल्या. तुळजापूरच्या, वडील शाळेत शिक्षक होते. भौतिकशास्त्र शिकवायला तासिका तत्त्वावर त्यांची नेमणूक झाली, म्हणजे दरवर्षी नवा आदेश आणि दरवर्षी मेअखेर काम संपलं. रोज एसटीने यायच्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी पीएच.डी.ला नोंदणी केली आणि पुण्यात त्यांच्या मार्गदर्शक सरांच्या प्रयोगशाळेत बाजूला पडलेलं एक यंत्र मागून आणलं. ते टेम्पोतून उतरलं तेव्हा मी पावती करायला उभा होतो. पेट्या, आरसे, तारा, एक लांबट नळी. प्राचार्यांनी मला हळूच विचारलं की हे जागा किती अडवणार.

यंत्र कशाचं, ते मॅडमनी मला पुढे एका दुपारी समजावून सांगितलं. मिठागराच्या खाऱ्या पाण्यात एक जंतू राहतो. त्याच्या अंगावरच्या पातळ पडद्यात एक प्रथिन असतं, रंगाने जांभळं. त्याचं खरं नाव बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन, पण आम्ही सगळे त्याला 'जांभळं' म्हणायचो. त्यावर उजेड पडला की ते जंतूच्या आतले हायड्रोजनचे कण एकेक करून बाहेर ढकलतं. मोटारपंपासारखंच, फक्त विजेऐवजी उजेडावर चालणारं. हे ढकलणं सेकंदाच्या काही हजाराव्या भागात आटोपतं आणि तेवढ्या वेळात त्याचा जांभळा रंग पिवळा होऊन पुन्हा जांभळा होतो. डोळ्याला काहीच दिसत नाही. म्हणून सॅम्पलवर एका बाजूने हिरव्या लेसरचा एक झटका मारायचा, दुसऱ्या बाजूने दिव्याची निळसर तिरीप त्यातून आरपार सोडायची, आणि पलीकडे किती उजेड पोचतो ते नळीने टिपून स्कोप नावाच्या यंत्राच्या पडद्यावर बघायचं. पडद्यावर एक आडवी रेघ असते. सॅम्पल पिवळं झालं की ती खाली जाते, जांभळं परतलं की वर येते. किती खोल गेली आणि किती वेळात परतली, एवढीच मोजणी.

शंकरप्पा त्याला 'खड्डा' म्हणायचा. पुढे मॅडमही खड्डाच म्हणू लागल्या.

पुण्यात असल्या मोजणीला सॅम्पलचं तापमान यंत्राने हवं तसं ठेवतात. आमच्याकडे ते यंत्र नव्हतं. मॅडमचं म्हणणं असं की आपल्या जिल्ह्याची हवा हेच यंत्र आहे. जानेवारीत सकाळी त्या खोलीत बारा-तेरा अंश असायचे, मे महिन्यात बेचाळीस. वर्षभर, दर आठवड्याला, त्याच खोलीत मोजत राहायचं आणि ऊन-थंडीचा या पंपावर काय परिणाम होतो ते बघायचं. हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं, कारण दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत बेचाळीस अंश होत नाहीत.

यंत्र उभं करायला चार महिने लागले आणि त्यातले तीन शंकरप्पाचे. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला की आरसे हलायचे. त्याने शहाबादी फरशी आणली, तिच्याखाली स्कूटरच्या चार ट्यूबा हवा भरून ठेवल्या आणि वर यंत्र मांडलं. लेसरची वाट दिसत नाही म्हणून तो उदबत्ती लावून धूर सोडायचा. धुरात हिरवी रेघ उमटली की आरसा नखाएवढा फिरवायचा. त्याचे हात जाड होते, बोटांना भेगा होत्या, पण आरसा फिरवताना मी पाहिलं आहे, एरवी बडबड करणारा माणूस श्वास धरून बसायचा.

शिपाई त्याची थट्टा करायचे. एकाने त्याचं नाव 'सायंटिस्ट' पाडलं.

“काय सायंटिस्ट, आज किती जांभळ्याचं पिवळं केलं?”

“तुझ्या डोक्यात तेवढा उजेड पडू दे, मग मोजतो,” शंकरप्पा म्हणायचा.

सॅम्पल पुण्याहून यायचं, दोन महिन्यांतून एकदा, बर्फाच्या थर्मासमध्ये एवढीशी कुपी. ती आणायला शंकरप्पाच जायचा. सात तासांच्या प्रवासात थर्मास मांडीवर, त्याच्यावर काळं फडकं. घरी तोवर त्याची बायको इरम्मा एकटी असायची. ती एकदा मला म्हणाली होती की ह्यांनी पोरीला एवढं जपून कधी आणलं न्हाय माहेराला. ती हे हसत म्हणाली. त्या सहा वर्षांत त्या घरात बरं चाललं होतं. शंकरप्पाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी विचारत होतं की तुम्हाला काय वाटतं, रेघ नीट आहे का.

मोजणीची पद्धत ठरलेली होती. मॅडमचे तास अकरापर्यंत असायचे. तोवर शंकरप्पा यंत्र चालू करून, दिवा लावून, सॅम्पल तयार ठेवायचा. मॅडम आल्या की वीस झटके मारायचे आणि सगळ्या रेघा साठवून ठेवायच्या. रजिस्टरात रकाने आखलेले होते: तारीख, खोलीचं तापमान, सॅम्पलला उजेड किती मिनिटं, झटके किती, शेरा. तिसऱ्या रकान्याचं कारण असं, की मोजणीआधी सॅम्पलला अर्धा तास पिवळ्या दिव्याचा उजेड द्यावा लागतो. मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रजिस्टर शंकरप्पा भरायचा. अक्षर गोल आणि स्वच्छ, कुठे खाडाखोड नाही. मला त्या रजिस्टराचं कौतुक होतं आणि मी ते नव्या लिपिकांना दाखवतही असे.

अडचण एकच होती, विजेची. मार्चपासून लोडशेडिंग आणि ट्रिपिंग सुरू व्हायचं. खोलीला एक इन्व्हर्टर होता, तो हे सगळं ओझं जेमतेम पन्नास मिनिटं ओढायचा.

मोजणीच्या दुसऱ्या वर्षाअखेर मॅडमना हवं ते सापडलं. थंडीत खड्डा खोल पडायचा, उन्हाळ्यात निम्म्यावर यायचा. लॉकडाऊनचे महिने सोडले तर दरवर्षी तसंच, हिवाळ्यात खोल, एप्रिल-मेमध्ये उथळ. त्यांनी निष्कर्ष काढला की छत्तीस-सदतीस अंशांच्या वर गेलं की यातले जवळजवळ निम्मे पंप कामच थांबवतात, आणि हे आजवर कुणी नोंदवलेलं नाही. मार्गदर्शक सर खूश होते. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट दिसायची: पहिले काही झटके अगदी उथळ यायचे आणि पुढचे थोडे थोडे खोल होत जायचे. मॅडमनी ते लेसर तापायला वेळ लागतो यावर सोडून दिलं. त्यांनी त्याबद्दल प्रबंधात तळटीपही दिली होती.

तेवीस सालच्या जानेवारीत प्रबंध विद्यापीठात गेला. त्याच सुमारास आमच्या भौतिकशास्त्राच्या कायम जागेला मंजुरी आली. बारा वर्षं ती जागा रिकामी होती. जाहिरात जूनमध्ये निघणार होती आणि पीएच.डी. असेल तर मॅडमशिवाय दुसरं कुणी टिकणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या नोंदणीची शेवटची मुदतवाढही तीस जूनपर्यंतच होती. त्या चाळिशीला आल्या होत्या. जे काही व्हायचं ते त्या जूनच्या आत व्हायचं होतं.

एप्रिलच्या शेवटी एका परीक्षकांचं शंका विचारणारं पत्र आलं. दुसऱ्या परीक्षकांनी मान्यता दिली होती. मॅडमनी उत्तर तयार केलं आणि पुरावा म्हणून रजिस्टराच्या पानांच्या झेरॉक्स काढून माझ्याकडे सत्यप्रत करायला पाठवल्या. त्या घेऊन शंकरप्पाच आला. मी शिक्के मारत होतो, तो समोर उभा होता.

“भाऊसाहेब, त्या पत्रात उजेडाचं काय लिवलंय म्हणं?”

मी त्याला मराठीत सांगितलं. परीक्षकांचं म्हणणं होतं की हे प्रथिन अंधारात राहिलं तर त्यातले निम्म्याहून जास्त रेणू वेगळा आकार घेतात आणि तसले रेणू उजेड पडला तरी पिवळे होत नाहीत. म्हणून आधी उजेड देऊन सगळे सरळ करून घ्यावे लागतात. तुमच्या उन्हाळ्यातल्या रेघा अंधारात राहिलेल्या सॅम्पलसारख्या दिसतात, तरी खुलासा करावा.

“मग मॅडमनी काय लिवलं?”

“प्रत्येक वेळी अर्धा तास उजेड दिला होता, रजिस्टर सोबत जोडलं आहे.”

मी एक्केचाळीस पानांवर शिक्के मारले, सह्या केल्या. तो पानं घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी साडेसातला कार्यालय उघडलं तेव्हा तो पायरीवर बसलेला होता. आत आला, पण खुर्चीवर बसला नाही.

“उजेड दिला न्हाय म्या,” तो म्हणाला.

मी विचारलं, कधी.

“उन्हाळ्यात. लई वेळा न्हाय दिला.”

मग त्याने सांगितलं ते असं. पहिल्या थंडीत तो अर्धा तास मोजून उजेड द्यायचा. पहिल्या मे महिन्यात दिव्याच्या आचेनं सॅम्पल काचेत आटून कडेला पापुद्रा धरला. पुण्याहून मांडीवर आणलेलं सॅम्पल. त्याने ते गुपचूप टाकून दिलं आणि दुसरा भाग घेतला. त्यानंतर गरमीत तो दिवा दोन मिनिटं, पाच मिनिटं लावायचा आणि सॅम्पल परत काळ्या फडक्यात ठेवायचा. वीज गेली असली तर तेवढंही नाही. इन्व्हर्टरची पन्नास मिनिटं. त्यातली तीस दिव्यात गेली तर मोजणी मध्येच बंद पडली असती, आणि मोजणी मध्ये तुटू द्यायची नाही असं मॅडमनी बजावलेलं. म्हणून तो दिव्याची वेळ मोजणीला ठेवायचा. मॅडम येईपर्यंत सॅम्पल नीट अंधारात जपलेलं असायचं.

“अन् रजिस्टरात तीस का लिहिलं?”

“रकाना हुता ना. रिकामा ठेवला तर मॅडम विचारत्याल. मला वाटलं, उजेडाला भिणारी वस्तू हाय, अंधारात राहिली तर तिचं काय बिघडतंय. उजेडानं बिघडती वस्तू, भाऊसाहेब. अंधारानं बिघडल्याली म्या अजून एक बी बघितली न्हवती.”

मी त्यावर पहिल्यांदा काय बोललो ते लिहिलं पाहिजे. मी विचारलं, हे आणखी कुणाला सांगितलं का? तो नाही म्हणाला. उत्तर अजून टपालात पडायचं होतं. रजिस्टर स्वच्छ होतं, माझे शिक्के त्याच्या प्रतींवर होते. कुणालाही कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात किती वेळ होता ते मी सांगू शकत नाही, पण होता.

तो विचार मोडायला म्हणून मी दुसरा मार्ग काढला. म्हटलं, ज्या दिवशी वीज गेली नव्हती त्या दिवसांच्या रेघा तरी खऱ्या धरता येतील. मी सबस्टेशनवर ओळखीने जाऊन फीडर बंद पडल्याच्या नोंदी उतरवून आणल्या, पाच उन्हाळ्यांच्या. दोन दिवस आम्ही दोघं रजिस्टर आणि त्या नोंदी शेजारी ठेवून बसलो. मी एकेक तारीख वाचायचो, तो आठवायचा.

“हितं वीज हुती,” तो म्हणायचा.

“मग उजेड दिला होता?”

“ऊन लई हुतं त्या दिशी. दिला नसंल.”

“नक्की?”

“नक्की न्हाय सांगता येत.”

थंडीच्या धरून दीडशेच्या वर तारखा होत्या. वीज असूनही न दिलेला उजेड, वीज नसूनही दिलेला उजेड, थंडीतही एखाद्या दिवशी घाईत राहिलेला. प्रत्येक ओळीत तीसच लिहिलेलं. कोणते तीस खरे आणि कोणते खोटे, हे वेगळं करायला कागदावर काहीच नव्हतं, आणि त्याच्या डोक्यातही नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी मी पेन खाली ठेवलं.

“मॅडमच्या पुढं तुम्ही चला,” शंकरप्पा म्हणाला. “बोलतो मीच.”

मॅडम स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत होत्या. तो दारातच उभा राहून सगळं बोलला. त्यांनी लाल पेन हातातच धरून ऐकलं. तो थांबल्यावर म्हणाल्या, “थंडीत देत होतात?”

“देत हुतो.”

“आणि उन्हाळ्यात कधी दोन मिनिटं, कधी पाच, कधी नाही.”

“व्हय.”

त्यांनी लाल पेनला टोपण लावलं. मग विचारलं, “सॅम्पल किती शिल्लक आहे, शंकरप्पा?”

“एका येळेपुरतं.”

“उद्या लावू. मी तास घेत नाही.”

दुसऱ्या दिवशी, मे महिन्याच्या दहा तारखेला, सकाळी अकरा वाजता आम्ही तिघं त्या खोलीत होतो. मला बोलावलेलं नव्हतं, पण कुणी जा असंही म्हणालं नाही. खोलीत चाळीस अंश होते. त्या दिवशी वीज गेली नाही. मॅडमनी मुलांच्या प्रयोगातलं एक काचेचं चौकोनी भांडं आणलं, पाण्याने भरलं आणि दिवा आणि सॅम्पल यांच्यामध्ये ठेवलं. आच पाण्यात राहिली, उजेड पलीकडे गेला. सॅम्पल गरम झालं नाही, आटलं नाही. सहा वर्षांत लागलं असतं ते एवढंच, एक भांडं पाणी. शंकरप्पा त्या भांड्याकडे बघत होता. मॅडमही बघत होत्या.

अर्धा तास पूर्ण झाला. त्यांनी पहिला झटका मारला.

खड्डा जानेवारीसारखा खोल पडला. परतायची घाई तेवढी जास्त होती, पण उन्हात ते घाई करतंच, हे पुस्तकांत चाळीस वर्षांपूर्वीपासून आहे. दुसरा झटका, तिसरा, विसावा. सगळे सारखे. हळूहळू खोल होत जाणंही गेलं होतं. म्हणजे लेसरला तापायला वेळ लागत नव्हता. अंधारातलं सॅम्पल झटक्यांच्याच उजेडाने थोडं थोडं जागं होत होतं. ते रोज पडद्यावर समोर दिसत होतं.

मॅडमनी स्कोप बंद केला.

“उन्हाळ्याचा काही संबंधच नव्हता,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षं आपण लोडशेडिंग मोजलं.”

असं म्हणून त्या हसल्या. शंकरप्पाला ते हसणं धीराचं वाटलं असावं. तो पुढे झाला आणि घाईघाईने सांगू लागला की नव्यानं करू मॅडम, मी भांडं ठेवतो, रोज करू, एका वर्षात सगळं भरून काढू, पुण्याला मी उद्याच जातो.

“तीस जूनला नोंदणी संपते, शंकरप्पा,” त्या म्हणाल्या. आवाज साधाच होता.

त्याच दुपारी त्यांनी ती एक्केचाळीस पानं माझ्याकडे परत आणून दिली. मी प्रत्येक पानावरचा शिक्का दोन रेघा मारून रद्द केला, कारण रद्द न करता परत घेता येत नाही. परीक्षकांना त्यांनी लिहिलं की शंका बरोबर आहे, सॅम्पलना उजेड दिल्याची खात्री देता येत नाही, सबब तिसरं आणि चौथं प्रकरण मागे घेत आहे. ती दोन प्रकरणं काढली की प्रबंधात यंत्राच्या वर्णनाखेरीज काही उरत नव्हतं. चूक कुणाची, तिथे त्यांनी लिहिलं: माझ्या देखरेखीतील त्रुटी. शंकरप्पाचं नाव नव्हतं.

हे त्याला कळलं तेव्हा तो माझ्याकडे आला.

“माझं नाव घालायला सांगा.”

मी म्हटलं, पत्र त्यांचं आहे, मी कसं सांगणार.

“मग मला मेमो द्या.”

“तक्रार असल्याशिवाय मेमो देता येत नाही, शंकरप्पा.”

“मी देतो तक्रार. लिवून देतो. माझ्यावर.”

मी त्याला समजावलं की तसा नियम नाही. सहा वर्षांच्या कामाचं काय झालं याची कॉलेजच्या कुठल्याही रजिस्टरात नोंद होत नाही, कारण ते काम कॉलेजचं नव्हतंच, मॅडमचं स्वतःचं होतं. कॉलेजच्या दृष्टीने त्याचं वर्तन उत्तम होतं. सेवापुस्तकात एकही शेरा नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मी बरोबर तेच सांगत होतो, आणि तरी त्याच्याकडे बघून बोलणं मला जमलं नाही.

जूनमध्ये जाहिरात आली. ऑगस्टमध्ये बाहेरच्या जिल्ह्यातला पीएच.डी. झालेला एक तरुण त्या जागेवर लागला. मुलगा चांगला आहे, कामसू आहे, त्याचा यात काही दोष नाही. कायम माणूस आला की तासिकांचं काम आपोआप संपतं. वेगळा आदेश काढावा लागत नाही. मॅडमनी शेवटच्या दिवशी ग्रंथालयाची दोन पुस्तकं जमा केली, माझ्याकडून नाहरकत दाखला घेतला आणि दीडच्या एसटीने गेल्या. शंकरप्पा तेव्हा मागच्या मैदानात होता. निघण्याआधी मॅडमनी त्याच्याबद्दल विचारलं होतं. मी शिपायाला पाठवलं, पण तो सापडला नाही. नंतर मला कळलं, तो पाण्याच्या टाकीच्या मागे उभा होता, गाडी जाईपर्यंत.

त्या त्याला रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं. पण त्या रागावल्या नाहीत. एकदा मला म्हणाल्या होत्या, “मी स्वतः अर्धा तास आधी आले असते, तर?” त्यांचे तास अकरापर्यंत होते. वेळापत्रक मीच टाइप केलेलं होतं.

पुढचं वर्ष शंकरप्पाने काढलं. काम बिनचूक करत होता, पण कुठल्याही रजिस्टरात स्वतः लिहीत नव्हता. मुलांकडून लिहून घ्यायचा. शिपायांनी थट्टा सोडून दिली होती. पुण्याला यंत्र परत हवं का म्हणून मी दोनदा पत्र पाठवलं. पहिल्याला उत्तर आलं नाही, दुसऱ्याला आलं की आता तसली यंत्रं वापरात नाहीत, आपल्या स्तरावर विल्हेवाट लावावी. मी ते निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढायच्या, यादीत घेतलं: लेसर एक, स्कोप एक, आरसे आठ, फरशी एक. समितीने पाच मिनिटांत मंजूर केलं. भंगारवाला आला त्या दिवशी शंकरप्पा रजेवर होता.

निरोप समारंभ नको असं त्याने लेखी दिलं होतं. तरी प्राचार्यांनी शाल दिली आणि एकोणतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेबद्दल दोन शब्द बोलले. 'निष्कलंक' म्हणाले तेव्हा तो उठून बाहेर जाईल असं मला वाटलं. तो बसून राहिला.

यंदा जानेवारीत त्याच्या पेन्शनच्या कागदांवर सह्या राहिल्या होत्या, म्हणून मी सास्तूरला गेलो. टपालाने पाठवता आले असते. घर नव्या गावठाणात आहे, एका रांगेतल्या सारख्या घरांतलं. तो ओट्यावर बसला होता, अंगात स्वेटर. बराच वाळला आहे. इरम्माने मला आत नेऊन हळूच सांगितलं की हे महिन्यातनं एकदा तुळजापूरला जातेत, देवीला म्हणून. पण देवळात जात न्हाईत. स्टँडवर बसतेत अन् संध्याकाळच्या गाडीनं माघारी येतेत. घर माहीत हाय मॅडमचं, पण तिकडं पाय उचलत न्हाय म्हणं. तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं, एखादा शब्द, तोडगा.

मी ओट्यावर येऊन त्याच्या शेजारी बसलो. कागद काढले.

“मॅडमला कुठं लागलं का?” त्याने विचारलं.

“लातूरला क्लासमध्ये शिकवतात असं ऐकलं. अकरावीला.”

“अन् ते मोजायचं?”

“ते सुटलं.”

त्याने मान हलवली. मग मी जिथे जिथे बोट ठेवलं तिथे त्याने सह्या केल्या, एकूण सात. कशावर सही करतोय ते त्याने वाचलं नाही. मी त्या तपासून पाहिल्या आणि तीनच्या गाडीने निघालो.